गुरांच्या डॉक्टरची सही

सरकारी पशुवैद्याकडे लोक जनावरं घेऊन येतात, आणि झेरॉक्सही घेऊन येतात. मी वर्ग दोनचा राजपत्रित अधिकारी. स्वयंसाक्षांकन सुरू होऊन वर्षं लोटली, तरी बडोद्यात अजून दाखल्यावर 'गॅझेटेड'ची सही हवी असणारे आहेतच, आणि कचेरीतल्या साहेबापेक्षा गुरांचा डॉक्टर केव्हाही हाताशी. म्हशीची गाभणतपासणी करायची, कोपरापर्यंत हात धुवायचे, नि कुणाच्या तरी बारावीच्या गुणपत्रिकेवर शिक्का मारायचा. शिक्का गोल, मधोमध 'पशुचिकित्सा अधिकारी'.

मरणाचं इंजेक्शन मागायला येणारेही असतात. ते दोन प्रकारचे. काहींचा कॅनडाचा व्हिसा आलेला असतो. कुत्रा धडधाकट असतो, आणि 'साहेब, आमच्याशिवाय तो जगायचा नाही' असं म्हणत ते स्वतःची सोय त्याच्या नावावर टाकतात. त्यांना मी नकार देतो आणि कुत्रा दत्तक घेणाऱ्यांचा नंबर देतो. दुसरे बरोबर उलटे. कुत्र्याचे मागचे पाय लुळे, कमरेवर जखमा, सिरिंजने भरवणं चालू, आणि वर सांगणार, 'पण डोळे बघा ना त्याचे, जगायचंय त्याला.' दोघांकडे बघताना माझ्या मनात एकच येतं, हे कोणासाठी चाललंय? ह्या दुसऱ्यांचा मला जास्त राग येतो, कारण त्यांना लोक प्रेमळ म्हणतात.

दांडियाबजारातल्या काकू ह्या दोन्हींत बसणाऱ्या नव्हेत. मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, वय अठ्ठ्याहत्तर. माझी ताई त्यांची विद्यार्थिनी, म्हणून मला अजून अरे-तुरे. त्यांचा बंड्या देशी कुत्रा. काकांनी सुरसागरच्या काठावरून उचलून आणलेला. डिसेंबरात त्याच्या पुढच्या डाव्या पायाच्या हाडात कॅन्सर सापडला. एक्स-रेत फुफ्फुसांवरही ठिपके होते. मी तेव्हाच म्हणालो होतो, बेल वाजली की तो दारापर्यंत येतोय तोवर गोळ्या देऊ. यायचा थांबला की मला सांगा. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं होतं. जानेवारीत सकाळी फोन आला, "बेल वाजली. आला नाही. घेऊन येते."

रिक्षातून चौघं उतरले. काकू, त्यांची कॉलेजात जाणारी नात, गोधडीवर बंड्या, आणि एक काश्मिरी शालवाला. हा काकांच्या वेळेपासून दर हिवाळ्यात स्कूटरवर गठ्ठा बांधून यायचा. त्या दिवशी तो काकांची जुनी पश्मिना रफू करून परत द्यायला आला होता, आणि बेल वाजवली ती त्यानेच. रिक्षावाल्याने गोधडीची दोन टोकं धरली, ह्याने दोन. रफू केलेली शाल बंड्याच्या अंगावर होती. थंडीने नव्हे, वेदनेने थरथरत होता तो, पण काकूंच्या हाताला जे लागलं ते त्यांनी पांघरलं.

लगेच आत घेता आलं नाही. टेबलाशेजारी एका पॉमेरियनला सलाईन चालू होतं. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी जे एबीसी, म्हणजे जन्मनियंत्रणाचे, नियम आहेत त्यांत एक अट आहे की एका कुत्र्याला दुसऱ्यासमोर मरण द्यायचं नाही. पाळीव कुत्र्यांना ती अट लागू नसेल, मी मात्र सगळ्यांनाच लावतो. त्यामुळे आम्ही व्हरांड्यात थांबलो. काकू म्हणाल्या, "ह्यांच्या आयसीयूत मधे नुसता पडदा होता. शेजारची बाई गेली ते ह्यांनी सगळं ऐकलं."

नात प्राण्यांपासूनचं काही वापरत नाही, चहासुद्धा काळा. कुठेतरी राग काढायचा म्हणून असेल, तिने शालीकडे बोट दाखवलं. "आजी, ह्याच्यासाठी पण शेळ्या मारल्या असतील."

शालवाला दुखावला. "बेटा, बकरी मर गई तो अगले साल पश्म कौन देगा?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि जनावर माझ्या खात्यातलं असल्यामुळे मीही बोललो. काश्मीरची म्हणून जगभर विकली जाणारी ही लोकर काश्मीरच्या खोऱ्यात पिकतच नाही. ती येते लडाखच्या चांगथांग पठारावरून, चार हजार मीटरच्या वर, जिथे हिवाळ्यात पारा उणे तीसच्याही खाली उतरतो. चांगपा धनगर तिथे ह्या शेळ्या पाळतात. शेळीच्या अंगावर दोन थर असतात. वरचे राठ लांब केस वेगळे आणि त्यांच्या मुळाशी दाटलेली पश्म वेगळी. दोन्हींची मुळं कातडीतही निरनिराळी. दिवस लहान होत जातात तशी पश्म वाढते, आणि वसंतानंतर आपोआप सुटू लागते. तेव्हा शेळीचे पाय बांधून तिला आडवी करतात आणि लांब दातांच्या फणीने ती विंचरून काढतात. वेळ साधली तर हाताशी सुटून येते. घाई केली की कातडी ओरबाडली जाते आणि शेळी ओरडते. एका शेळीची फार तर पावशेर, त्यातही निम्म्याहून जास्त राठ केस नि माती. निवडून-पिंजून उरते त्यातून एक शाल व्हायला दोन-तीन शेळ्यांचं वर्ष लागतं. धागा बारा ते पंधरा मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण सत्तरचा. यंत्रमागाचा ताण त्याला सोसत नाही, म्हणून अस्सल माल श्रीनगरकडे बायका चरख्यावर कातणार आणि हातमागावर विणला जाणार.

"और ये जो दो हज़ार में पश्मीना बेचते हैं," शालवाल्याने आपल्याच गठ्ठ्याकडे बघत सांगून टाकलं, "वो लुधियाना है."

मारून काढतात ती शाहतूश. तिबेटी चिरू हा रानटी प्राणी; त्याला पकडून विंचरणं जमत नाही, म्हणून गोळी घालून कातडी सोलतात. एका शालीला तीन ते पाच चिरू. आपल्याकडे ती नुसती जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हा. नातीला मी हे सांगितलं, आणि पश्मिनेची शेळी म्हातारी झाली की तिचं काय होतं तेही सांगितलं. लोकर कमी झालेली शेळी आणि जास्तीचे बोकड शेवटी खाटकाकडेच जातात. शालवाला शांतपणे म्हणाला, "वो तो आपके यहाँ भैंस के पाड़े का भी होता है, साहब." ह्या दुधाच्या मुलखात नोकरी करून त्याला काय उत्तर देणार? मी सलाईन संपलं का ते बघायला उठलो.

टेबलावर बंड्याच्या उजव्या पायातली शीर सापडायला वेळ लागला. रक्तदाब उतरला की शिरा चपट्या होतात. आधी गुंगीचं दिलं. मग मरणाचं, थायोपेंटोन. ही पिवळट पूड असते, पाण्यात विरघळवली की तिला लसणासारखा पुसट वास येतो. ह्या वासाची सवय मला अजून झालेली नाही. घरच्यांना मी सगळं आधीच सांगतो. डोळे मिटणार नाहीत. लघवी होईल. हृदय थांबल्यानंतरही एखादा मोठा श्वास येऊ शकतो, तो जगण्याचा नसतो. न सांगता तो श्वास आला की माणसं आयुष्यभर 'आपण जिवंत कुत्रा मारला' असं घेऊन बसतात. बंड्याला तो आला नाही. बुब्बुळाला बोट लावलं, पापणी हलली नाही, स्टेथोस्कोप बराच वेळ धरून ठेवला आणि मान हलवली. काकूंनी शाल काढून नीट घडी केली. "त्याला चादर पुरे. ही मला लागेल."

संमतीपत्रावर सही करताना त्यांचं पेन थांबलं. म्हणाल्या, "हा एवढाच फॉर्म? ह्यांच्या वेळी किती सह्या घेतल्या माझ्या. नळी घालायचा फॉर्म, डायलिसिसचा फॉर्म. नळी काढायचा फॉर्म द्या म्हटलं, तर म्हणाले, तो नसतो."

काका २०१६ साली गेले. तेव्हा तसा फॉर्म खरंच नव्हता. अरुणा शानबागच्या खटल्यात २०११ साली सुप्रीम कोर्टाने जीवरक्षक उपचार थांबवायला तत्त्वतः मान्यता दिली, पण प्रत्येक वेळी हायकोर्टाची परवानगी काढायची अट घातली. नवरा बडोद्यात व्हेंटिलेटरवर आणि बायको अहमदाबादला वकिलाच्या दारात, हे कोणाच्याने होणार? ९ मार्च २०१८ला पाच न्यायमूर्तींनी सन्मानाने मरण्याचा हक्क मानला आणि शेवटच्या उपचारांबद्दलचं इच्छापत्र आधीच लिहून ठेवायची सोय केली. मात्र त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही मागितली. त्या वाटेला क्वचितच कोणी गेलं. २०२३च्या जानेवारीत ती अट सैल झाली. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी.

हे सगळं मला काकूंनीच सांगितलं. त्यांनी पिशवीतून चौकटीच्या वहीचं पान काढलं. गणिताच्या बाईंचं अक्षर. बरं होण्याची आशा नसेल तर नळ्या घालू नयेत, घातल्या असतील तर काढाव्यात, वेदना कमी करणारी औषधं मात्र हात राखून देऊ नयेत. माझ्या वतीने निर्णय नातीने घ्यावा. "तू राजपत्रित ना? मग मार शिक्का."

मी नाही म्हटलं. माणसांच्या डॉक्टरकडे जा, कोर्टाबाहेर नोटरी बसतात त्यांच्याकडे जा. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नोटरी पान न वाचता शिक्का मारेल. तू आत्ता माझ्यासमोर एक मरण केलंस. विचारून, सांगून, वेळ बघून केलंस. ह्या विषयात तुझ्याहून जास्त कोणाला कळतं?"

काकूंना वाटत होतं तेवढं ते सरळ नाही. मी बंड्याला दिलं ते इंजेक्शन माणसाला दिलं तर, त्याने हात जोडून मागितलं असलं तरी, तो सदोष मनुष्यवध. माणसाच्या बाबतीत कायदा फक्त उपचार थांबवू देतो, तेही दोन वैद्यकीय मंडळांनी मान्य केल्यावर. आणि कुत्र्याला मी विचारत नाही. विचारता येत नाही म्हणूनच 'हे कोणासाठी' हा प्रश्न त्याच्या वतीने मला सोडवावा लागतो. १९२८ साली साबरमतीत गांधीजींनी तडफडणाऱ्या वासराला इंजेक्शन देववलं, 'नवजीवन'मध्ये ते लिहिलं, आणि गुजरातभरातून रागाची पत्रं आली. हाच न्याय माणसाला, स्वतःला लावाल का, ह्यावर त्यांचं उत्तर होय असं होतं. पण आपल्या माणसांच्या बाबतीत ती पाळी सहसा येत नाही, असंही त्यांनी लिहिलं. एक तर शुश्रूषेची साधनं हाताशी असतात, आणि दुसरं म्हणजे माणसाला स्वतःचा विचार करून ठरवता येतं. काकूंनी ठरवलं होतं. त्यांचं ठरलेलं ऐकायला कोणीतरी हवं होतं, इतकंच.

तरी त्या दिवशी मी सही केली नाही. शिक्का मारणाऱ्याने खात्री करायची असते की लिहिणाऱ्याने हे राजीखुशीने, समजून-उमजून लिहिलंय. टेबलावर कुत्रा गार पडलेला असताना अशी खात्री मी कशी देणार? "सोमवारी या," म्हटलं. "सोमवारीही हेच वाटलं तर." त्या थोड्या रागावल्या, पण उत्तर बरोबर आल्यावर बाई जशी मान हलवतात तशी हलवली.

सोमवारी ओपीडी उघडायच्या आधी हजर. साक्षीदार म्हणून माझा पशुधन निरीक्षक आणि शालवाला, आधार कार्डासकट. "नात्यातला नको," काकू म्हणाल्या, "हा बरा. ह्याला माझ्या मरणातून काही मिळायचं नाही, एक गिऱ्हाईकच कमी होईल." मी नातीला बाहेर बसवलं आणि काकूंना पान मोठ्याने वाचायला लावलं. मध्येच एका वाक्यावर त्या अडल्या, 'आशा नसेल तर' खोडून त्यांनी 'डॉक्टरांच्या मते आशा नसेल तर' असं लिहिलं आणि बाजूला छोटी सही केली. मग मी सही केली. त्यांनी चष्मा वर करून शिक्का वाचला.

"पशुचिकित्सा अधिकारी," म्हणाल्या. "चालेल. सासूबाई मला म्हैसच म्हणायच्या."

एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे गेली, एक नातीकडे, एक न्यू जर्सीला मुलाकडे. मुलाचा फोन रात्री उशिरा आला. गुरांच्या डॉक्टरने आपल्या आईच्या मरणाच्या कागदावर सही केलीच कशी, हे तो निरनिराळ्या शब्दांत विचारत राहिला, आणि शेवटी म्हणाला, हे रद्द करा. मी म्हटलं, मला ते करता येत नाही, तुम्हालाही नाही. काकूंना येतं, केव्हाही. दोन ओळी लिहून दिल्या की झालं. तुम्ही येऊन त्यांच्याशी बोला.

मार्चचं तिकीट बघतो म्हणाला.