समुद्र दूर असताना सर्फबोर्ड निवडणं: माझा अनुभव

सर्फबोर्ड निवडायचे जे तक्ते मिळतात, ते समुद्राकाठी राहणाऱ्यांना समोर ठेवून केलेले असतात. वजन टाका, ‘नवशिका’ की ‘मध्यम’ ते सांगा, लिटरचा आकडा तयार. नाशिकमध्ये बसून तो आकडा जसाच्या तसा घेतला तर बोर्ड लहान पडतो, कारण त्या तक्त्यात एक रकानाच नसतो: वर्षातून किती दिवस पाण्यात उतरायला मिळणार? दिवाळीची सुटी, डिसेंबरातला एखादा आठवडा, फार तर होळीच्या आसपास जोडून आलेला शनिवार-रविवार. मधल्या महिन्यांत शिकलेलं बरंचसं अंगातून निघून जातं. म्हणून बोर्ड घेताना मी कौशल्याच्या आधी दिवस मोजले आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्यावरून घेतला.

बोर्ड किती तरंगणार हे त्याच्या आकारमानावर ठरतं आणि ते लिटरमध्ये सांगतात. ढोबळ हिशोब असा: अगदी नवशिक्याला वजनाच्या किलोइतके लिटर तरी हवेत, थोडे जास्त असले तर उत्तम. न फुटलेली लाट स्वतः पॅडल मारून (पोटावर झोपून हातांनी पाणी मागे ढकलत) पकडता येते आणि लाटेच्या अंगावरून आडवं जाता येतं, अशाला किलोमागे ०.५५ ते ०.६५ लिटर. रोज पाण्यात असणारा पट्टीचा सर्फर ०.३६ ते ०.४० वर खेळतो. माझं वजन ७२ किलो. म्हणजे नवशिका म्हणून ७२ ते ८६ लिटर, मध्यम म्हणून ४० ते ४७, आणि ज्या बोर्डांचे फोटो बघून जीव खुळावतो ते २६ ते २९ लिटरचे. सलग सुटी न मिळणाऱ्या माणसाने आपल्या गटाचा किमान आकडा घ्यावा आणि त्यात निदान दहा टक्के घालावेत, असं माझं मत आहे. दंड आणि खांदे पॅडलिंगला सरावलेले नसतात, तेव्हा जास्तीचे सात-आठ लिटरच तुम्हाला लाटेपर्यंत पोचवतात.

जुन्या बोर्डावर बऱ्याचदा लिटर लिहिलेले नसतात, फक्त फूट-इंच असतात. तेव्हा लांबी, सर्वांत रुंद जागेची रुंदी आणि मधली जाडी सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा, हजाराने भागायचं आणि येणाऱ्या आकड्याचे ५३ ते ६० टक्के धरायचे. टोकदार शॉर्टबोर्डला ५३, गोल नाकाच्या लॉंगबोर्डला ६०. उदाहरणार्थ २४४ × ५७ × ८.२ सेंटिमीटरचा आठ फुटी बोर्ड गुणाकारात ११४ लिटर दिसतो, पण प्रत्यक्षात ६५-६८ च्या घरात असतो. विकणारा ‘आठ फुटी आहे, कुणालाही चालेल’ म्हणतो तेव्हा ही आकडेमोड फोनवर दोन मिनिटांत होते. आठ फुटी बोर्ड ५५ लिटरचाही असतो आणि ८५ चाही. नुसत्या लांबीवर भाव ठरवू नये.

आता लाट. नाशिकहून सगळ्यात जवळचा समुद्र पालघर-डहाणूचा, पण सर्फिंगसाठी तो उपयोगाचा नाही. मुंबईसमोरचा समुद्रतळ खूप दूरपर्यंत उथळ आहे. लांबून आलेल्या लाटांची ताकद त्यावर घासून संपते आणि किनाऱ्याला उरते ती वाऱ्याची खळबळ. त्यामुळे हिशोब गोव्यापासून पुढे सुरू होतो: मांद्रे-आश्वे-मोरजीची पट्टी, मग कर्नाटकात मंगळुरूजवळचं मुल्की, केरळात वर्कला, पूर्व किनाऱ्यावर चेन्नईच्या दक्षिणेचं कोवलम आणि महाबलीपुरम. ऑक्टोबर ते मे या काळात पश्चिम किनाऱ्यावर मिळतात त्या लाटा बहुतेक गुडघा ते कंबरेएवढ्या. त्या येतात थेट दक्षिण महासागरातल्या वादळांमधून, म्हणून उंची कमी असली तरी दोन लाटांमधला काळ १२ ते १६ सेकंदांचा असू शकतो. त्याच उंचीची सहा सेकंदांची लाट मात्र वाऱ्याने उठवलेली असते, तिच्यात ढकलायची ताकद नसते. ‘इन्कॉइस’ या सरकारी समुद्र माहिती संस्थेच्या अंदाजात उंचीबरोबर हा काळही असतो, तो बघायचा. जून ते सप्टेंबर पश्चिम किनारा नवशिक्याने विसरावा. त्याच महिन्यांत पूर्व किनाऱ्यावर सकाळचा वारा जमिनीकडून असतो, त्यामुळे तिकडे सर्फिंग चालतं. पण तिथला वाळूचा उतार बऱ्याच ठिकाणी तीव्र असल्याने लाट काठालगत धाडकन कोसळते. नऊ फुटी बोर्ड तिथून आत नेताना तोंडावर आपटतो.

मला मिळणारी लाट बहुतांशी गोवा-मुल्कीची, म्हणजे सावकाश, उतरती, कमी ताकदीची. अशा लाटेला बोर्डाचे काय काय गुण लागतात ते एकेक करून पाहिले.

पहिला रॉकर, म्हणजे बाजूने पाहिल्यावर बोर्डाला नाकापासून शेपटीपर्यंत असलेला बाक. बोर्ड सपाट फरशीवर पोटावर ठेवून नाक आणि शेपूट फरशीपासून किती उचललंय ते मोजायचं. बाक कमी, तर बोर्ड पाण्यावरून लवकर सरकतो आणि मंद लाटही पकडतो. बाक जास्त, तर उभ्या लाटेवरून उतरताना नाक पाण्यात घुसत नाही, पण मंद लाटेत तोच बाक पाणी ढकलत बसतो आणि लाट खालून निघून जाते. गोव्यात ‘पॅडल मारूनही लाट लागत नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांच्या हातात बहुधा जास्त बाकाचा, कमी लिटरचा बोर्ड असतो. दोष हातांना दिला जातो.

दुसरी रुंदी, तीही शेपटीकडची. चौकोनी किंवा गोलसर रुंद शेपटीला मंद लाटेत उचल मिळते. टोकदार पिनटेल मोठ्या, वेगवान, उभ्या लाटेत पकड देते आणि आपल्याकडच्या कंबरभर पाण्यात तिचा उपयोग नाही. नवशिक्याला मध्यावर २२ इंच तरी रुंदी हवी. उभं राहताना पाऊल दोन इंच इकडेतिकडे पडलं तरी बोर्ड उलटत नाही.

तिसरी रेल, म्हणजे कडा. जाड, गोल कडा चूक पोटात घालतात. पातळ कडा पाण्यात रुतून वळण देतात, पण जरा तोल गेला की तशाच रुतून पाडतातही. फिन्स (शेपटीजवळ खालच्या बाजूला लावलेली पाती) आणि वळण्याच्या गप्पा पहिल्या बोर्डाच्या वेळी फारशा मनावर घेऊ नयेत. तीन फिन्सची मांडणी १९८० पासूनची, ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनची, आणि सर्वसाधारण वापराला तीच चांगली. लॉंगबोर्डला मध्ये एक मोठा फिन आणि लागलेच तर बाजूला दोन छोटे.

मग सामग्री. फोम बोर्डात आत ईपीएस (थर्मोकोलसारखा फोम), वर मऊ फोमचा थर आणि खाली प्लास्टिकचा गुळगुळीत तळ असतो. पडताना डोक्याला लागला तरी टाके पडायची शक्यता कमी, वाहतुकीत ठोके सोसतो, दुरुस्ती जवळपास शून्य. कडक बोर्ड दोन प्रकारचे: पीयू (पॉलियुरेथेन) फोमवर पॉलिस्टर रेझिनचं कवच, किंवा ईपीएसवर इपॉक्सी. पीयूचा जरा जड, पाण्यात शांत, पण चटकन टवका उडतो. इपॉक्सीचा हलका, जास्त तरंगणारा, मजबूत, पण वाऱ्याच्या खळबळीत तो पाण्यावर टणटण उडतो. गर्दीच्या किनाऱ्यावर शिकणाऱ्याने फोमच घ्यावा. इथे मी तडजोड करायला तयार नाही, कारण सुटलेला बोर्ड दुसऱ्या कुणाच्या तोंडावर जाऊ शकतो.

कागदावर हे सगळं ठरलं तरी विकत घेण्याआधी भाड्याने घेऊन पाहणं सोडलं नाही. सर्फ स्कूलमध्ये बोर्ड मागताना फूट न सांगता लिटर विचारायचे, आणि एकाच दिवशी, एकाच भरतीत दोन आकार वापरायचे. वेगवेगळ्या दिवशी वापरले तर फरक बोर्डाचा की लाटेचा ते कळत नाही. वेळ सकाळचीच. मतलई वारे असेपर्यंत लाट गुळगुळीत राहते. अकरा-बारानंतर खारे वारे सुरू झाले की लाटेचा चेहरा बिघडतो आणि कुठलाही बोर्ड वाईटच वाटतो. भरतीचा अंदाज कालनिर्णयवरूनही येतो: तिथीच्या पाऊणपट वाजता साधारण भरती, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. कोकणातला हा जुना आडाखा मिनिटाला अचूक नाही, पण सकाळ वाया जाणार की नाही एवढं सांगतो.

पाहायचं काय? पोटावर झोपून पॅडल मारताना नाक पाण्यावर दोन-तीन इंच दिसलं पाहिजे. नाक बुडत असेल तर मागे सरका; मागे सरकल्यावर शेपूट बुडून बोर्ड ब्रेक लावल्यासारखा अडत असेल, तर लिटर कमी आहेत. बोर्डावर बसल्यावर पाणी कुठपर्यंत येतं तेही बघा: ८० लिटरवर माझ्या मांड्या जवळपास कोरड्या राहतात, ४५ वर पाणी कंबरेला लागतं. फुटलेल्या लाटांच्या फेसाळ पाण्यात दहा लाटांपैकी सात-आठ वेळा उभं राहता आलं, तर तो आकार तुमचा. आठ फुटी, साडेबावीस इंच रुंद, ८० च्या आसपास लिटरचा फोम बोर्ड माझ्यासाठी या चाचणीत पास झाला; सात फुटी ५२ लिटरचा नाही.

जुना बोर्ड बघायचा झाला तर उन्हात आडवा धरा. पायाखालचे उथळ खळगे चालतात. अंगठ्याने दाबल्यावर कुरकुर आवाज येऊन कवच खाली-वर होत असेल, तर ते फोमपासून सुटलंय. तो घेऊ नये. रुंदीभर आडवी रेघ म्हणजे बोर्ड एकदा मोडायला आला होता. फिन बसवायच्या खाचेभोवती केसासारखी भेग असेल तर तिथून पाणी आत जातं. आकाराच्या मानाने जड लागला, तर पाणी आधीच आत आहे. फोम बोर्डात कडेचा थर उचकटलाय का आणि तळाच्या प्लास्टिकला सुरकुत्या आहेत का, एवढं पुरे.

बाकीचं सामान थोडक्यात. लीश (बोर्ड पायाला बांधून ठेवणारी दोरी) बोर्डाच्या लांबीएवढी. आठ फुटीला आठ फुटी, जाडी सहा-सात मिलिमीटर. लीश बोर्डाला अडकवायची छोटी दोरी बोर्डाच्या कडेवर येईल इतकी लांब बांधू नका, ताण आला की ती कडा चिरते. आपलं पाणी साधारण २५ ते ३० अंशांचं, त्यामुळे पाय घसरू नयेत म्हणून बोर्डावर घासायचं वॅक्स ‘ट्रॉपिकल’च, आधी कडक बेसचा थर, मग ते. फिन्सच्या स्क्रूची छोटी चावी दोन ठेवा, एक वाळूत हरवतेच.

नाशिककराचा खरा घोळ ने-आणीत आहे. आठ फूट म्हणजे २४४ सेंटिमीटर. आपल्या इमारतीच्या लिफ्टची आतली उंची आणि जिन्याचा वळसा आधी मोजून घ्या. मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस नाशिक रोडहून मडगाव, उडुपी, मंगळुरूला जाते, पण इतकी लांब वस्तू डब्यात नेता येत नाही, ती सामान डब्यात बुक करावी लागते. तिथली आदळआपट फोम बोर्डच सोसू जाणे. गाडीच्या टपावर न्यायचा तर वॅक्सची बाजू खाली, फिन्स पुढच्या बाजूला आणि वर, पट्ट्याला एक पीळ द्या म्हणजे वाऱ्यात तो गुणगुणत नाही. पट्टा करकचून आवळला तर फोममध्ये कायमचा खड्डा पडतो.

याहून वाईट शत्रू ऊन. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, बंद गाडीत त्याहून बराच जास्त. ईपीएसच्या आतली हवा फुगते आणि कवच सुटतं. ज्या इपॉक्सी बोर्डाला हवेसाठी स्क्रू असतो, तो प्रवासात सैल आणि पाण्यात उतरताना घट्ट. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच आहे, त्यामुळे परतीच्या वाटेवर घाट चढताना बाहेरचा दाब कमी होतो आणि स्क्रू घट्टच राहिला असेल तर उन्हाच्या फुगण्यात ही भर पडते. तापलेला बोर्ड तसाच समुद्रात घालू नका. आतली हवा एकदम आकसते आणि बारीकशा भेगेतूनही पाणी ओढून घेते. दहा मिनिटं सावलीत ठेवा. घरी तो गच्चीवर किंवा पत्र्याखाली नको, पलंगाखाली आडवा चालेल.

बोर्ड लहान करायची घाई बहुतेकांना होते. न फुटलेली लाट स्वतः पकडता येऊ लागली, डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही बाजूंना जाता आलं, आणि सुटीनंतरच्या पहिल्याच सकाळी हे जमलं, तरच खाली उतरायचं. तिसरी अट माझी स्वतःची आहे. सुटीच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांनाच सगळं जमतं. उतरतानाही एका वेळी दहा-पंधरा टक्के, म्हणजे ८० वरून ७० लिटर. मंद लाटेसाठी माझ्या यादीत पुढचा आहे तो साडेसात फुटी, रुंद, कमी बाकाचा मिडलेंग्थ (शॉर्टबोर्ड आणि लॉंगबोर्डच्या मधल्या लांबीचा), इपॉक्सीचा.

तो घेतला की दुरुस्तीही शिकावी लागणार. एक गोष्ट आधीच लिहून ठेवतो: ईपीएस बोर्डाचा टवका पॉलिस्टर रेझिनने भरायचा नाही. त्यातलं स्टायरिन हे रसायन ईपीएस विरघळवतं आणि बोटाएवढ्या भोकाची मूठभर पोकळी होते. हार्डवेअरच्या दुकानात फायबरचं काम म्हटलं की बऱ्याचदा पॉलिस्टरच पुढे करतात, तेव्हा डब्यावर इपॉक्सी लिहिलंय का ते वाचूनच घ्या. आणि भरण्याआधी भोक खाली करून बोर्ड दोन-तीन दिवस सावलीत सुकवा, ओल्यावर लावलेलं रेझिन धरत नाही.