१.६ काढून १.८: मियाटाच्या इंजिनबदलाची तयारी

सप्टेंबरमधल्या एका शनिवारी गाडी चालू ठेवून बॉनेट उघडलं, टॉर्च मारला आणि क्रँकची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) पुली लचकत फिरताना दिसली. त्याआधी तीन-चार आठवडे गाडी मरगळल्यासारखी चालत होती. सिग्नलला उभी असताना इंजिन थरथरायचं. प्लग बदलले, वायरी बदलल्या, फरक शून्य. दुखणं क्रँकच्या नाकात, म्हणजे त्याच्या पुढच्या टोकात होतं.

गाडी १९९०ची माझदा मियाटा, दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार, पहिल्या वर्षातली. साधारण १९९१च्या मध्यापर्यंतच्या १.६ लिटर इंजिनांत क्रँकशाफ्टचं पुढचं नाक आखूड असतं आणि त्यातला बोल्टही बारीक. टायमिंग बेल्टचं दातेरी चाक तिथे एका चावीवर (खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्यावर) बसतं. बोल्ट नीट आवळला गेला नाही की चावी खाचेत हलू लागते, खाच रुंद होत जाते आणि टायमिंग, म्हणजे झडपा उघडण्याची आणि ठिणगी पडण्याची वेळ, सरकतं. ज्यांच्याकडे या वर्षांतली गाडी आहे त्यांनी पुली पुढून बघावी: चार फटी म्हणजे आखूड नाक, आठ म्हणजे नंतरचं सुधारलेलं. माझ्या पुलीला चार आहेत. आधीच्या मालकाने एका गॅरेजात बेल्ट बदलून घेतला होता, तेव्हा बोल्ट कमी आवळला गेला असणार. पुली काढली तर चावी एका बाजूने झिजून पाचरीसारखी झालेली.

यावर लॉकटाइट ६६० (झिजलेली जागा भरणारा डिंक) भरून नवी चावी बसवायचा उपाय जुना आहे आणि अनेकांच्या गाड्या त्यावर वर्षानुवर्षं चालल्या आहेत. पण माझी खाच फारच गेली होती. बाबांना फोटो पाठवला. त्यांनी कोल्हापूरला उद्यमनगरात तीस वर्षं लेथ चालवलंय. लगेच फोन आला.

"भरून घे की वेल्डिंगनं. परत खाच पाडून मिळंल."

"बाबा, त्यासाठी क्रँक बाहेर काढावा लागेल."

"म्हंजे सगळं इंजिन उतरावं लागतंय. मग तेच परत कशाला घालतोयस?"

प्रश्न बिनतोड होता. तेव्हापासून रोज रात्री वही घेऊन बसतोय.

मियाटात लोक काय काय घालतात हे आपल्याला माहीत आहे. होंडाचं के-सिरीज, जीएमचं व्ही-८ एलएस, सगळ्यांचे तयार किट मिळतात. मला यातलं काही नको. हजार किलोच्या आतली ही गाडी हिरोशिमाच्या लोकांनी ज्या तोलाने बांधली, तो मला तसाच हवा. म्हणून माझदाचंच १.८, बीपी इंजिन, १९९४-९५च्या मियाटातलं. १,५९७ सीसीच्या जागी १,८३९ सीसी. अमेरिकन गाड्यांत ११६ अश्वशक्तीची १२८ होते. बारा घोडे ऐकायला कमी वाटतात, पण खालच्या आरपीएमला ओढ वाढते आणि चढावर गिअर कमी बदलावा लागतो. शिवाय क्रँकचं नाक लांब, जाड बोल्टवालं. मूळ दुखणंच जातं. ब्लॉक त्याच जागेत बसतो, माझा पाच गिअरचा गिअरबॉक्स त्याला जुळतो, कुठे वेल्डिंग लागत नाही.

खरा विचार करायला लावला तो वायरिंगने. १.६ मध्ये हवा मोजायला झडपेचा मीटर आहे. आत येणारी हवा झडप ढकलते आणि ती किती उघडली त्यावरून ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) पेट्रोल ठरवतो. १.८ ला गरम तारेचा मीटर असतो आणि त्याचा ईसीयू वेगळा. म्हणजे दोन रस्ते: १.८चं अख्खं हार्नेस (वायरींचा जुडगा) डॅशबोर्डखालून ओढून गाडी नव्याने वायर करायची, किंवा नव्या इंजिनावर जुनेच सेन्सर चढवायचे. मी दुसरा घेतोय. माझा ईसीयू, माझा हवेचा मीटर, माझे इंजेक्टर (कारण ईसीयूला त्यांचाच प्रवाह ठाऊक आहे), आणि हेडच्या मागे बसणारा, ठिणगीची वेळ ईसीयूला कळवणारा कॅम अँगल सेन्सर, तोही माझाच. थ्रॉटलचं एक विसरू नका: १.६च्या मॅन्युअल गाडीत थ्रॉटल सेन्सर म्हणजे नुसता स्विच असतो, बंद आणि पूर्ण उघडा एवढंच सांगणारा. १.८चा सेन्सर मधल्या सगळ्या जागा सांगतो आणि जुन्या ईसीयूला ती भाषा कळत नाही. म्हणून स्विचही जुनाच.

याची किंमत आहे. वरच्या आरपीएमला झडप पूर्ण उघडून टेकते, त्यापुढे आलेली हवा मोजलीच जात नाही आणि पेट्रोल कमी पडून मिश्रण पातळ होऊ शकतं. त्यामुळे एक्झॉस्टमध्ये हे मिश्रण मोजणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर बसवणार आणि तो आकडा नीट दिसेपर्यंत इंजिन ५,००० आरपीएमच्या वर नेणार नाही. मेगास्क्वर्ट (स्वतः ट्यून करता येणारा ईसीयू) घालून झडपच काढून टाकायची, हे पुढच्या हिवाळ्याचं काम. एकाच वेळी इंजिनही नवं आणि ट्यूनिंगही नवं असलं की बिघाड कुठला ते शोधताना जीव जातो.

क्लच १.८चाच घेतोय, फ्लायव्हीलसकट: २०० मिलिमीटरऐवजी २१५. मागचं डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरसंच) तूर्त १.६चंच, ४.३० रेशोचं. ते नाजूक आहे हे मान्य. पण १.८चं मोठं डिफरन्शियल घ्यायचं तर दोन्ही हाफ शाफ्ट (चाकांकडे जाणारे दांडे) आणि प्रॉपेलर शाफ्टही (गिअरबॉक्सकडून येणारा दांडा) त्याचेच लागतात. तो पूर्ण संच एकाच गाडीतला मिळेपर्यंत क्लच सोडताना पायावर लगाम.

इंजिन मिळालं. मागून ठोकर बसलेली १९९५ची गाडी, इथून तासाभरावर. समोरची बाजू शाबूत होती आणि गाडी चालू होत होती, म्हणून गरम इंजिनावर काँप्रेशन बघता आलं: १७६, १७४, १७८, १७५ पीएसआय. आकडा किती मोठा यापेक्षा चारही जवळजवळ आले याचा मला आनंद. ७०० डॉलरला ठरलं, माउंटिंगचे दोन्ही हात, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि डाउनपाइपसकट. हे हात आणि पाइप मागून घ्याच. नंतर एकेक शोधताना महिना जातो.

कायद्याचंही बघून घेतलं. मी मिशिगनमध्ये राहतो, इथे नियमित धूरतपासणी नाही. तरी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवरच राहणार. कॅलिफोर्नियावाल्यांनी आधी नियम वाचावेत: तिथे इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा नंतरचं लागतं, त्याच्या सगळ्या प्रदूषणरोधक भागांसह, आणि रेफरीकडून (राज्याच्या तपासणी केंद्राकडून) तपासून घ्यावं लागतं. भारतात असाल तर आधी आरटीओची परवानगी, मग आरसीवर नवा इंजिन नंबर.

नवं इंजिन स्टँडवर असतानाच पुढचं-मागचं क्रँक सील, कॅम सील, टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप आणि कॅम अँगल सेन्सरची ओ-रिंग बदलणार. ती दहा-वीस रुपयांसारखी रबरी कडी गळली की तेल थेट गिअरबॉक्सवर ओघळतं आणि माणूस मागचं क्रँक सील गेलं समजून घाबरतो. तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा स्लेव्ह सिलिंडरही नवा. मियाटात तो जातोच.

जुनं इंजिन गिअरबॉक्ससकट वरून काढायचं ठरवलंय. त्यासाठी गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल जोडणारी अॅल्युमिनियमची पॉवर प्लांट फ्रेम सोडवावी लागते. तिचे बोल्ट ढिले करण्याआधी गिअरबॉक्सच्या शेपटाखाली जॅक लावायचा आणि फ्रेम कुठल्या उंचीवर बसली होती ते मापून लिहून ठेवायचं. गिअरचा दांडा केबिनमधून वर काढायचा. प्रॉपेलर शाफ्ट ओढला की शेपटातून तेलाची धार लागते, म्हणून गिअरबॉक्सचं तेल आदल्या रात्रीच उतरवणार.

पहिल्यांदा चालू झाल्यावर डायग्नोस्टिक डब्यात टेन (TEN) आणि ग्राउंड (GND) या दोन जागा तारेने जोडून ठिणगीचं टायमिंग १० अंशांवर लावायचं, मगच गॅरेजबाहेर. बाबांनी सांगितलंय की स्टार्टर मारायच्या आधी व्हिडिओ कॉल लाव. येत्या शनिवारी इंजिन आणायला जातोय, शेजाऱ्याची पिकअप ठरली आहे.