एसएनएफ ८.१ आणि वेगळं सॅम्पल लावायला नकार: माझा अनुभव

गाई घेणं, मुक्त गोठा करणं, मक्याचा मुरघास टाकणं हे सगळं नीट पार पडलं, त्यावर लिहिण्यासारखं फार काही नाही. मला लिहायचंय ते डेअरीच्या दूध तपासायच्या मशीनबद्दल, कारण माझा राग अजून गेलेला नाही.

आम्ही संगमनेर भागातले, सहा एचएफ क्रॉस (होल्स्टीन संकरित) गाई, धारा मीच काढते. पावसाळा लागला, वैरण ओलीचिंब यायला लागली आणि पावतीवर एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, आधी ८.४ टक्के, मग ८.२, मग थेट ८.१. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून असतो, खाली गेलं की पॉइंटमागे कपात. कपात सोसली असती एकवेळ. पण मशीन पाण्याचाही आकडा दाखवतं, तो बघून केंद्रावरचा माणूस चार लोकांत म्हणाला, "वहिनी, पाणी जास्त झालंय का?" त्या मशीनला पाणी दिसत नसतं हो, दुधातले घन पदार्थ कमी लागले की ते पाणी घातलंय असं धरून आकडा काढतं. गाईचंच दूध पातळ असेल तरी तोच आकडा येतो. आमच्या घरात दुधाला कधी पाणी लागलेलं नाही.

मी म्हटलं, ठीक आहे, सहाही गाईंचं दूध वेगवेगळं लावून बघू, कोणती खाली ओढतेय ते कळेल. एवढी साधी मागणी. तर म्हणे एका गाईचं सॅम्पल आम्ही लावत नाही, लाईन खोळंबते. बरं, लाईन संपल्यावर येते म्हटलं, तर तोवर मशीन धुतलेलं. संध्याकाळी गेले तर सकाळी या, सकाळी गेले तर संध्याकाळी गर्दी कमी असते. एकदा तर सगळ्या बाटल्या टेबलावर मांडून उभी राहिले, कॅनवाले एकेक करून निघून गेले, आणि शेवटी तो म्हणाला, दादांची परवानगी लागेल, दादा आज नाहीत. तोवर उकाड्यात दूध फाटायला आलेलं, सगळं गटारात. कपात करताना कुणाची परवानगी लागत नाही, ती पावतीवर आपोआप छापून येते. शेतकऱ्यानं दुधातला दोष शोधायला मदत मागितली की मात्र नियम आठवतात. शेवटी शेजारच्या गावातल्या दुसऱ्या केंद्रावर गेले, तिथल्या मुलानं दर सॅम्पलचे थोडे पैसे घेतले आणि चहा येईपर्यंत सगळे आकडे कागदावर लिहून हातात दिले.

हां, सॅम्पल घेताना सुरुवातीच्या धारेचं घेऊ नका, तिच्यात फॅट कमी असतं आणि शेवटच्या धारांत जास्त. त्या गाईची पूर्ण धार काढून, दूध चांगलं ढवळून मग बाटली भरा, पण फेस नको. बाटलीवर गाईचं नाव टाका.

चार गाई व्यवस्थित होत्या. घोळ दोघींचा. एकीला बाहेरून काही दिसत नव्हतं, कास मऊ, दूध पांढरंशुभ्र, पण डॉक्टरांनी चार खणांच्या पॅडलमध्ये प्रत्येक सडाचं दूध घेऊन सीएमटीचं (दगडी ओळखायच्या चाचणीचं) औषध टाकलं तर एका सडाचं दूध घट्ट चिकट झालं. म्हणजे दगडी, कासेचा आजार, आतल्या आत सुरू, आणि त्यात दुधातली साखर घटते म्हणून एसएनएफ पडतो. उपचार केले, अँटिबायोटिक दिलेलं असताना डॉक्टरांनी सांगितलं तोवर तिचं दूध डेअरीला घातलं नाही.

दुसरी ताजी व्यालेली, सगळ्यात जास्त दूध तिचंच, त्यामुळे कॅनचा आकडाही तीच जास्त ओढायची. दूध भरपूर आणि पोटात जातंय काय, तर पाण्यानं भरलेला हिरवा चारा. पोट फुगलेलं दिसतं पण कोरडा भाग कमी पडतो. आता हिरवी वैरण आधी सुकवते, कडब्याची कुट्टी आणि मुरघास वाढवला, मक्याचा भरडा हळूहळू चढवला. खुराकाचा हिशोब साधा आहे, अंगपोषणाला दीड-दोन किलो आणि वर दर अडीच लिटर दुधाला एक किलो, पण एकदम गव्हाणीत ओतायचा नाही, तीन-चार वेळा विभागून, नाहीतर ॲसिडिटी होते, शेण पातळ पडतं आणि फॅट पण जातं. बदल करायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू. पाणी दिवसभर समोर पाहिजे. आणि आमच्याकडे उसाचं वाढं सर्रास घालतात, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून मिनरल मिक्स्चर चुकवायचं नाही.

कॅन ८.५ ला आला त्या दिवशी पावती मी त्याच माणसासमोर मोठ्यानं वाचली, आणि मला त्याचा आनंद झाला.

आता दर महिन्याला सहाही बाटल्या शेजारच्या गावात नेते. आमच्या केंद्रावर अजूनही लावत नाहीत. पुढच्या मीटिंगला मी हाच विषय मांडणार आहे, आठवड्यातून एक वेळ ठरवा आणि ज्याला हवं त्याचं वेगळं सॅम्पल लावून द्या, लागले तर पैसे घ्या.