पाचव्या दिवसाची नाडी

ऑपरेशन संपवून सर्जन बाहेर आले आणि यांना म्हणाले, "गाठ पूर्ण निघालीय. ऑपरेशन व्यवस्थित झालं." ते खरंच तसं झालं होतं. हे मी आधीच सांगते, कारण पुढचं वाचून ऑपरेशनात कोणाची चूक झाली असं वाटू शकेल. चूक कोणाचीच नव्हती. तरी पाचव्या दिवशी रात्री मला परत ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागलं. आज मी हे लिहू शकतेय, कारण एका सिस्टरने माझी नाडी एकदा मोजून झाल्यावर पुन्हा पूर्ण मिनिटभर मोजली.

माझं वय तेव्हा 52. शौचाच्या वेळी रक्त पडायचं, आणि मूळव्याध समजून त्यात सात महिने गेले. ज्या डॉक्टरांकडे आधी दाखवलं त्यांनी तपासलं नाही, मलम लिहून दिलं. पण मीही त्यांना अर्धंच सांगितलं होतं. रक्ताचं बोलले, पण पोट कधी बांधल्यासारखं तर कधी सैल असतं, जिना चढताना दम लागतो, हे बोललेच नाही. आपल्याकडे शौचाबद्दल बोलायचा संकोच किती खोलवर असतो, ते मला तेव्हा कळलं. शेवटी हिमोग्लोबिन 9.1 आलं आणि ताईने हट्टच धरला, म्हणून कोलोनोस्कोपी झाली, म्हणजे दुर्बिणीची नळी घालून मोठं आतडं आतून पाहिलं. मोठ्या आतड्याच्या डावीकडच्या शेवटच्या वळणावर गाठ होती. बायोप्सीत कर्करोग निघाला. छातीच्या आणि पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ होती, तेवढाच काय तो आधार.

ऑपरेशनला तीन आठवडे होते. मला वाटत होतं, उद्याच करा, ती गाठ पोटात घेऊन जगवत नाही. सर्जन म्हणाले, हे तीन आठवडे वाया जाणार नाहीत. लोह सलाईनमधून दिलं. रोज चालायचं, आणि तीन चेंडूंच्या त्या प्लॅस्टिकच्या यंत्रात श्वास ओढून चेंडू वर उचलायचे. भूलतज्ज्ञांनी सांगितलं की ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून कडक उपाशी ठेवण्याची गरज नसते. भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत साखरेचं स्वच्छ पेय चालतं. पेशंटला लवकर उठवायचं, लवकर खायला द्यायचं, नळ्या लवकर काढायच्या ही पद्धत डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी 1990 च्या दशकात मांडली, तेव्हा अनेकांना ती धाडसाची वाटली होती. आज ती जगभर वापरतात.

सही घेण्याआधी सर्जनने एक कागद घेऊन आतडं काढून दाखवलं. गाठीचा भाग दोन्ही बाजूंनी कापायचा आणि उरलेली दोन टोकं एकमेकांना जोडायची. मग त्या जोडावर पेनाने गोल केला. "हा जोड भरून यायला वेळ लागतो. शंभरात पाच-सहा जणांचा तो गळतो. आम्ही सगळं नीट केलं तरीही. रक्तपुरवठा कमी पडला, शरीरात ताकद नसली, आणि कधी कधी तर कारणच सापडत नाही." मी मान डोलावली. शंभरातल्या चौऱ्याण्णवांत आपण असणारच, असं मनाशी धरून मोकळी झाले.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. पहिल्या दिवशी खुर्चीत बसले, दुसऱ्या दिवशी वॉर्डच्या टोकापर्यंत चालून आले. आतड्याचं ऑपरेशन झालेल्यांच्या वॉर्डात सकाळ-संध्याकाळ एकच प्रश्न फिरत असतो, "गॅस पास झाला का?" तिसऱ्या दिवशी मी हो म्हणाले तेव्हा शेजारच्या पलंगावरच्या बाईंच्या मुलीनेसुद्धा टाळी वाजवली. सहाव्या दिवशी घरी सोडायचं ठरलं.

चौथ्या दिवशी दुपारी अन्नावरची वासना गेली. पोट जरा तट्ट वाटायला लागलं. डाव्या खांद्यात बारीक कळ यायची. हे सगळं मी कोणाला सांगितलं नाही. का सांगितलं नाही, याचा मी पुढे खूप विचार केला. राउंडला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, "तुमचं तर फारच छान चाललंय." यांनी घरी पलंग खिडकीजवळ हलवून ठेवला होता. एवढ्या चांगल्या चाललेल्या गोष्टीत आपण खोट काढायची, असं झालं मला. शिवाय पोट फाडलंय म्हटल्यावर दुखणारच, थोडं सोसलं पाहिजे, ही लहानपणापासूनची शिकवण.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ड्यूटीवर आलेल्या सिस्टरने ताप पाहिला, 99.8. घाबरण्यासारखा नाही. बोटाला लावलेल्या यंत्रावर नाडीचा आकडा आला, तो लिहायच्या आधी त्यांनी माझं मनगट धरलं आणि घड्याळाकडे पाहत राहिल्या. पूर्ण मिनिट. 118. आदल्या दिवशीच्या नोंदी उलटून पाहिल्या, 84, 92, 104. मग पलंगाच्या कडेला टेकल्या, पोटावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, खरं सांगा. कसं वाटतंय?"

आणि मी रडायलाच लागले. सगळं सांगितलं.

नंतरच्या गोष्टी भराभर झाल्या. रक्तातलं सीआरपी, म्हणजे शरीरात सूज किंवा संसर्ग असला की वाढणारं प्रथिन, 212 निघालं. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर ते उतरायला हवं असतं, माझं चढलं होतं. सीटी स्कॅन करताना खालच्या बाजूने स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध सोडलं, आणि ते जोडाच्या एका कडेतून बाहेर झिरपताना दिसलं. जोड गळत होता. रात्री साडेअकराला मला पुन्हा भूल दिली. पोट आतून धुतलं, ड्रेनची नळी ठेवली, आणि जोडाला विश्रांती मिळावी म्हणून लहान आतड्याचा एक वळसा उजव्या बाजूला पोटाबाहेर काढून ठेवला. शुद्धीवर आले तेव्हा हात आपोआप तिकडे गेला आणि पिशवी लागली.

खूप नंतर, जरा बरं वाटायला लागल्यावर, मी या विषयावरचं वाचायला लागले. 2009 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी 84,730 पेशंटच्या ऑपरेशनांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. ज्या रुग्णालयांत ऑपरेशननंतर मृत्यू सर्वांत जास्त आणि ज्यांत सर्वांत कमी, त्यांची त्यांनी तुलना केली. दोन्हीकडे गुंतागुंत होण्याचं प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं, 24.6 आणि 26.9 टक्के. उलट कमी मृत्यूंच्या रुग्णालयांत ते किंचित जास्तच होतं. फरक पुढे होता. मोठी गुंतागुंत झाल्यावर एकीकडे शंभरातले 21 पेशंट दगावले, दुसरीकडे 12 ते 13. म्हणजे बिघाड दोघांकडे होत होता, पण तो झाल्यावर पेशंटला वाचवण्यात एकीकडचे लोक पुढे होते. हे वाचताना मला ते मनगट धरून घड्याळाकडे पाहणं आठवलं. म्हणून ओळखीचं कोणी पोटाच्या मोठ्या ऑपरेशनला निघालं की मी सर्जनच्या हाताबद्दल विचारत नाही. मी विचारते, रात्री दोन वाजता काही बिघडलं तर तिथे पाहायला कोण असतं? सीटी रात्री होतो का? तुम्ही हे विचारलंत का?

पिशवीबद्दल लोक फार बोलत नाहीत, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. पोटावर लाल, ओलसर, गुलाबाच्या कळीएवढा आतड्याचा भाग दिसतो. त्याला हात लावला तर दुखत नाही, कारण स्पर्शाची जाणीव तिथे नसते, पण तो स्वतःच्या लयीत हलत असतो. पहिले चार दिवस मी तिकडे पाहिलं नाही. यांनी पाहिलं. पोटावरच्या या आतड्याच्या तोंडाला स्टोमा म्हणतात; त्याची काळजी शिकवणाऱ्या सिस्टरकडून सगळं शिकून घेतलं. पुठ्ठ्याच्या मोजपट्टीने कळीचा व्यास मोजायचा, पिशवीच्या चकतीला त्याहून दोन-तीन मिलिमीटर मोठं भोक कापायचं, कातडी नुसत्या कोमट पाण्याने पुसून अगदी कोरडी करायची, आणि चकती चिकटवल्यावर तळहाताची ऊब देत ती दाबून धरायची. भोक मोठं झालं तर पाचक रस कातडीवर पडून ती भाजल्यासारखी होते. पहिल्या वेळी यांचा हात कापत होता. ओठ घट्ट मिटून त्या वर्तुळावरून कात्री फिरवणारा त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तिसऱ्या आठवड्यात मी म्हटलं, "अहो, द्या इकडे, आज मी करते."

घरी येताना दोन गोष्टी बरोबर आल्या. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटात घ्यायची इंजेक्शनं, ऑपरेशनपासून 28 दिवस पुरी करायची. आणि एक वही. तिच्यात मी रोज ताप, नाडी, वजन, पिशवीतून किती मिलिलिटर गेलं आणि लघवी किती झाली, हे लिहायचे. घरी आल्यावर नवव्या दिवशी पिशवीचा आकडा 1900 झाला. तोंड कोरडं, पायात गोळे. तहान लागली म्हणून साधं पाणी पीत गेले, तसं पिशवीतून आणखीच जायला लागलं. या वेळी वाट पाहिली नाही. लगेच फोन केला. तेव्हा कळलं की लहान आतड्याच्या स्टोमात साधं पाणी जास्त प्यायलं तर ते शरीरातलं मीठही ओढून बाहेर नेतं. मीठ-साखरेचं पाणी घोट घोट घ्यायचं, साधं पाणी मोजून, आणि आतड्याची गती कमी करणाऱ्या गोळ्या जेवणाआधी. दोन दिवसांत आकडा 900 वर आला. अशा वेळी उशीर झाला तर मूत्रपिंडावर येतं.

गाठीचा रिपोर्ट आला होता. सर्जनने 16 लसिका ग्रंथी काढल्या होत्या, त्यातल्या दोनमध्ये कर्करोग होता. निदान नीट व्हायला किमान 12 ग्रंथी तपासाव्या लागतात, त्यामुळे 16 हा आकडा भरवशाचा होता. पण दोन ग्रंथी म्हणजे तिसरी स्टेज, म्हणजे केमो. ऑपरेशननंतर आठ आठवड्यांच्या आत ती सुरू व्हावी असं पाहतात, आणि दुसऱ्या ऑपरेशनात माझे दिवस गेलेले. सातव्या आठवड्यात सुरू झाली. चार सायकल, दर 21 दिवसांनी एक. पूर्वी सरसकट सहा महिने द्यायचे. 2018 मध्ये सहा चाचण्यांतल्या बारा हजारांहून जास्त पेशंटचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा माझ्यासारख्या कमी जोखमीच्या तिसऱ्या स्टेजला, माझीच औषधं देताना, तीन महिने जवळपास तितकेच पुरतात आणि नसांना होणारा त्रास खूप कमी राहतो, असं दिसलं. तीन महिन्यांतही थंड वस्तूला हात लावला की बोटांत वीज गेल्यासारखं व्हायचं. नळाची तोटी मी कपड्याने धरायचे. हेही वहीत, हेही डॉक्टरांना. तिसऱ्या सायकलला त्यांनी औषधाची मात्रा थोडी कमी केली.

वहीची टिंगल करणारे भेटले. "सारखं आजाराचंच काय लिहायचं?" मला ते पटत नाही. न्यूयॉर्कमधल्या 766 पेशंटच्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2017 मध्ये आले. कर्करोग पसरलेले पेशंट होते ते. ज्यांना त्रासाची नोंद नियमितपणे कळवायला दिली आणि त्यावरून सिस्टरनी फोन केले, त्यांच्यातले निम्मे 31 महिन्यांहून जास्त जगले. नेहमीसारखी तपासणी झालेल्यांतले निम्मे 26 महिन्यांहून जास्त. दुखणं सांगणं म्हणजे रडगाणं नव्हे, हे मला पाचव्या दिवशी कळायला हवं होतं.

केमो संपल्यावर जोड भरून आलाय याची औषध सोडून तपासणी केली, मग आतडं परत आत घातलं. छोटं ऑपरेशन होतं, तीन दिवसांत घरी. त्यानंतर सगळं पहिल्यासारखं होईल असं मी धरून चालले होते, ते मात्र झालं नाही. दिवसाला आठ-नऊ वेळा जावं लागायचं, घाई आवरायची नाही, बाहेर पडायची भीती वाटायची. चार-पाच महिने लागले ते तीन-चारवर यायला. याची कल्पना आधी कोणी दिली असती तर मी स्वतःला इतका दोष देत बसले नसते.

दर तीन महिन्यांनी सीईए, म्हणजे कर्करोग परत आला का याची खूण शोधणारी रक्ततपासणी. रक्त दिल्यापासून रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस घरात कोणी मोठ्याने बोलत नाही.

वर्षाने कोलोनोस्कोपी झाली. भूल हलकीच होती, मी पडद्याकडे पाहत होते. गुलाबी भिंती मागे सरकत होत्या. एका ठिकाणी डॉक्टरांनी नळी थांबवली. "हा तुमचा जोड." आतड्याच्या भिंतीवर गोल फिरलेली एक फिकट, पांढुरकी रेषा होती, आणि तिच्या कडेला धातूच्या टाक्याचं बारीक टोक चमकत होतं. मी विचारलं, "गळला होता तो कुठे?" त्यांनी नळी थोडी वळवली, आणखी जवळ नेली. "आता नाही सांगता येत," ते म्हणाले. "सगळीकडे सारखंच भरलंय. पुढची तीन वर्षांनी करू."

मी घरी येऊन तारीख वहीत लिहिली.