एक्स-रेवर दिसलेलं लोखंड

फिल्म लाइटबॉक्सवर लावली तर दोन्ही फुप्फुसं मोहरी सांडल्यासारखी बारीक टिपक्यांनी भरलेली. समोरचा माणूस मात्र धडधाकट. पेडण्याचे, वय ४४, गोव्यात झुआरीकाठच्या बार्ज (मालवाहू नौका) दुरुस्तीच्या यार्डात १९ वर्षं वेल्डर. दुसरीकडे मिलियरी टीबी, म्हणजे फुप्फुसभर बारीक टिपक्यांनी पसरणारा टीबी, म्हणून त्यांना चार औषधं सुरू झाली होती. दोन महिने झाले तरी फिल्म जशीच्या तशी.

ताप नाही, वजन घटलेलं नाही, थुंकीची सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची तपासणी) निगेटिव्ह. स्पायरोमेट्रीत एफव्हीसी, म्हणजे पूर्ण श्वास भरून जोरानं सोडलेली एकूण हवा, अपेक्षित आकड्याच्या ९१ टक्के. आधीच्या कागदांवर व्यवसायाच्या रकान्यात फक्त ‘नोकरी’ असं लिहिलेलं. त्या एका शब्दापायी त्यांनी यकृतावर ताण देणाऱ्या गोळ्या खाल्ल्या, याचं मला अजून वाईट वाटतं.

“वेल्डिंग कुठं करता?”

“टाकीत, डॉक्टर. बार्जच्या तळाच्या.”

आर्कच्या, म्हणजे वेल्डिंगच्या विजेच्या ज्योतीच्या, उष्णतेनं धातूची वाफ होते आणि ती थंड होताना आयर्न ऑक्साइडचे, एक मायक्रॉनहूनही लहान कण बनतात. ते थेट वायुकोशांत पोचतात, तिथल्या मॅक्रोफेज पेशी त्यांना गिळून बसतात. लोखंड क्ष-किरण अडवतं, म्हणून फिल्म भयंकर दिसते. पण नुसत्या लोखंडानं फुप्फुसात फारसे व्रण होत नाहीत. हा सिडरोसिस. धूर थांबला तर काही वर्षांत टिपके फिकेही होतात. वाळूतल्या सिलिकाचं तसं नाही, काम सोडल्यावरही व्रण वाढत राहतात. म्हणून पत्र्यावरचा गंज काढायला जोरानं कण मारतात, त्या ब्लास्टिंगबद्दल पुढचा प्रश्न विचारला, “शेजारी ब्लास्टिंग कशानं करतात? वाळूनं की कॉपर स्लॅगनं, तांबं गाळून उरलेल्या मळीनं?”

“आता स्लॅग. आधी सहा-सात वर्षं वाळूच होती.”

या उत्तरानं काळजी वाढली, कारण सिलिकामुळे टीबीचा धोकाही वाढतो. एचआरसीटी (बारकाईचा सीटी स्कॅन) केला, तर पुसट गाठी, मोठे गोळे नाहीत. ब्रॉन्कोस्कोपीतून, म्हणजे श्वासनळीत दुर्बीण घालून, धुऊन काढलेल्या पेशी पर्ल्स रंगानं निळ्या झाल्या, म्हणजे आत लोखंड. उपचारांआधीच्या नमुन्याचं टीबीचं कल्चर निगेटिव्ह होतं. ते हातात आल्यावरच छातीविकारतज्ज्ञांनी गोळ्या थांबवल्या.

त्याच आठवड्यात यार्डात गेलो. मॅनहोलवर पंखा होता, पण आत हवा फुंकणारा. धूर बाहेर जायच्या ऐवजी टाकीतच घुसळून वेल्डरच्या तोंडावर येत होता. पंखा ओढणारा करून १५० मिलिमीटरची लवचीक नळी आर्कपर्यंत न्यायला सांगितली आणि ताज्या हवेसाठी दुसरं मॅनहोल उघडं ठेवायला. नळीचं तोंड आर्कपासून १५ सेंटिमीटरच्या आत हवं. नळीच्या एका व्यासाइतकं दूर गेलं की तोंडाशी असलेल्या वेगाच्या जेमतेम दहावा हिस्सा उरतो. चुकतं ते इथंच. नळी सकाळी एकदा बांधतात, सांधा पुढं सरकतो, नळी जागची हलत नाही. हेल्मेटखाली रुमाल बांधला होता, त्यातून हे कण सहज पार होतात. बारीक कण अडवणारा पी-२ मास्क हवा, आणि दाढी केलेली, नाहीतर कडेनं हवा शिरते. गुळानं फुप्फुसातला धूर साफ होतो, या समजुतीनं सुपरवायझर दुपारी सगळ्यांना गूळ वाटत होता. गूळ अन्ननलिकेत जातो, फुप्फुसात नाही.

त्या टाक्यांत आणखी चौघं उतरत. त्यांच्याही फिल्म घेतल्या. तिघांच्या साफ निघाल्या. चौथा जुना ब्लास्टर, चालताना धाप लागते. त्याच्या फुप्फुसांच्या वरच्या भागात गाठी एकमेकींना चिकटल्या होत्या. सिलिकोसिस, सिलिकानं होणारा. कायद्यानं कळवावाच लागतो असा हा आजार. पत्र त्याच संध्याकाळी पणजीच्या आल्तिनोवरील कारखाने निरीक्षणालयाकडे लिहिलं. त्यात यार्डात वाळू किती वर्षं वापरली तेही नोंदवलं.