तुम्ही विचारलंत म्हणून: जमिनीवर लॅमिनेट घालू की अस्सल लाकूड?

इंटिरिअरची कामं करते म्हटल्यावर हा प्रश्न येतोच. बहुतेकांनी मनात ठरवलेलं असतं, माझा फक्त होकार हवा असतो. मी मात्र उलट विचारते: खालच्या जमिनीला ओल येते का, आणि घरात फरशी पुसतं कोण नि कशी? बादलीभर पाणी ओतून पुसणारं घर असेल, तर दोन्हींचा नाद सोडा.

लॅमिनेटच्या फळीचा कापलेला तुकडा हातात घेऊन त्याची कड नीट बघा. सगळ्यात वर मेलामाइनचा पारदर्शक थर, त्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण. त्याखाली कागद, त्यावर लाकडाच्या रेषा छापलेल्या. मग लाकडाचे तंतू दाबून केलेला जाड गाभा, त्याला एचडीएफ म्हणतात. जाडी बहुधा ७ ते १२ मिलिमीटर. वरचा थर भलताच चिवट असतो. खुर्च्या ओढा, कुत्र्याला पळू द्या, सागावर जिथे ओरखडा उठेल तिथे याला सहसा काही होत नाही. वरचा थर किती झीज सोसतो, त्याची श्रेणी 'एसी'च्या आकड्याने सांगतात. दुकानदार एसी५ दाखवून भाव चढवतो, पण घराला एसी३ पुरतं, त्यापुढचे आकडे वर्दळीच्या जागांसाठी.

याचं दुखणं सांध्यात. तिथून पाणी गाभ्यात मुरलं की तंतू फुगतात आणि वाळल्यावरही पुन्हा बसत नाहीत. कडा किंचित वर येतात. अनवाणी चालताना ते आधी तळपायाला कळतं, डोळ्यांना बऱ्याच उशिरा. घासून सपाट करावं म्हटलं, तर वरची छपाईच निघून जाईल. म्हणजे फळी बदलायची, आणि काही वर्षांनी तेच डिझाइन मिळेलच असं नाही. म्हणून एक खोका जास्तीचा घेऊन माळ्यावर टाका.

बसवणाऱ्यावरही लक्ष ठेवा. लॅमिनेट खाली चिकटवत नाहीत, ते पातळ अंडरलेवर, म्हणजे खाली अंथरलेल्या मऊ थरावर, मोकळं पसरलेलं असतं. भिंतीकडेने ८ ते १० मिलिमीटर जागा सोडावीच लागते, ती स्कर्टिंगखाली झाकते. 'एकदम फिट' बसवून दाखवणारा कारागीर आला, तर दमट दिवसांत खोलीच्या मध्यावर जमीन उचलली जाणार. आणि अंडरले हलकं घेतलंत तर चालताना पोकळ टकटक ऐकत बसाल.

लाकडाची तऱ्हा वेगळी. हवा दमट झाली की फळी रुंदीत फुगते, कोरडी झाली की आकसते, लांबीत जवळजवळ काही होत नाही. कोरड्या दिवसांत फळ्यांमध्ये बारीक फटी दिसतात आणि लोक घाबरून फोन करतात. त्या फटींना काही करायचं नसतं. फळीच्या कडा वर येऊन मधला भाग खोल दिसू लागला, तर मात्र बहुधा खालून ओल येतेय. अशा वेळी घाईने घासून घेऊ नका, ओल सुकली की तीच फळी मधोमध फुगीर होते. आधी ओल शोधा.

एवढं सांभाळून मिळतं काय? घन लाकडाची फळी साधारण १८ ते २० मिलिमीटर जाड असते. फळ्या एकमेकींत अडकवायला कडेला खाच असते, तिच्या वरचाच भाग घासता येतो, तरी तेवढ्यात अनेकदा सँडिंग होतं. मळकट, डागाळलेल्या जमिनीवरून मशीनचा पहिला पट्टा फिरला की आतून ताज्या रंगाचं लाकूड वर येतं. ही सोय लॅमिनेटला नाही, कितीही महागाचं घ्या.

माझं मत विचाराल तर, भाड्याचं घर, लहान मुलं किंवा हात आखडता असेल तर बिनधास्त लॅमिनेट घाला, उगाच कमीपणा मानू नका. जमीन कोरडी आहे आणि त्याच घरात पुढची पंचवीस-तीस वर्षं काढायचीत, तर लाकूड. स्वयंपाकघर आणि बाथरूम दोन्हींतून वगळा.

मधला पर्याय म्हणून इंजिनिअर्ड वुड दाखवतील: खाली प्लायवूड, वर खऱ्या लाकडाचा थर. प्लाय आडवे-उभे चिकटवलेले असल्याने ते कमी हलतं, चांगलं असतं. फक्त वरचा थर किती मिलिमीटरचा आहे ते विचारून घ्या. एकाच्याही आत असेल तर सँडिंग विसरा. तीन-चारचा असेल तर एकदोनदा नक्की करता येईल.