आमची वाटचाल : रनिंग मीटरपासून खडकापर्यंत

घराच्या पायासाठी पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, घालण्याचा आमचा व्यवसाय ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे आणि ठाण्याच्या बाजूला कळवा, बाळकुम या पट्ट्यात वाढला. सुरुवातीला आमच्याकडे एक त्रिपॉड (तिपाई), एक विंच (दोर ओढणारे यंत्र), एक चिझल (खडक फोडणारी जड छिन्नी), एक बेलर (फोडलेला माल वर काढणारी नळी) आणि वडिलांच्या हाताखाली तयार झालेली मजुरांची टोळी एवढेच भांडवल होते. सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेतील, म्हणजे जमिनी गेलेल्या प्रकल्पग्रस्तांना परत मिळालेल्या, भूखंडांवरची बांधकामे आणि गावठाणातील जुनी घरे पाडून उभी राहणारी दुमजली-तिमजली घरे ही आमची पहिली कामे होत. मोठ्या बिल्डरांचे काम तेव्हा आमच्या वाट्याला येणार नव्हते आणि आम्हीही त्याच्या मागे लागलो नाही.

या भागातील जमीन वरून दिसते तशी नसते. वर मुरूम-डबराचा भराव, त्याखाली खाडीचा काळा, मऊ गाळ, मग पिवळसर मुरूम, त्यानंतर झिजलेला ठिसूळ खडक आणि शेवटी घट्ट काळा बसाल्ट असा थरांचा क्रम बहुतेक ठिकाणी आढळतो. प्रत्येक थराची जाडी मात्र भूखंडागणिक बदलते, कधी एकाच भूखंडाच्या दोन कोपऱ्यांतही बदलते. भरावाच्या वजनाने गाळ वर्षानुवर्षे दबत राहतो आणि दबताना पाइललाही आपल्याबरोबर खाली ओढू पाहतो. पाइल गाळातच थांबली तर तिला आधार मिळत नाहीच, उलट घराच्या भारात या ओढीची भर पडते; म्हणून येथे पाइलचे टोक खडकात रुतलेले असावे लागते.

आमच्या धंद्यातील खरी अडचण मात्र जमिनीपेक्षा बिलात होती. पाइलिंगचा दर रनिंग मीटरवर, म्हणजे पाइलच्या दर मीटर लांबीवर, ठरतो, त्यामुळे ठेकेदार खोल गेला की मालकाला वाटते बिल फुगवले आणि लवकर थांबला की वाटते काम उरकले. ‘‘शेठ, शेजारच्यांचे आठ मीटरला लागले, आमचे अकरा कसे?’’ हा प्रश्न आम्ही इतक्या ओट्यांवर बसून ऐकला आहे की त्याचे उत्तर तोंडी द्यायचे आम्ही सोडून दिले. त्याऐवजी बोअर (पाइलसाठी पाडलेले खोल भोक) गाळाच्या खाली गेल्यावर बेलरमधून वर येणारा माल दर थोड्या अंतरावर प्लास्टिकच्या पिशवीत भरून, त्यावर पाइलचा क्रमांक आणि खोली लिहून, तो मालकाच्या ताब्यात देण्याची पद्धत आम्ही सुरू केली. आधी पिवळा मुरूम, मग बोटांनी चुरडता येणारे तपकिरी तुकडे, आणि अखेरीस धारदार कडांच्या काळसर कपच्या, ज्या एकमेकींवर आपटल्या की खणखणतात. एवढे हातात आल्यावर अकरा मीटरचा वाद बहुधा तिथेच मिटतो.

कपच्या दिसल्या म्हणजे खडक लागलाच असेही नाही. बसाल्ट झिजताना त्यात मोठे गोल गोटे शिल्लक राहतात आणि भरावातही दगड टाकलेले असतात. गोट्यावर चिझल आपटली की हाताला खडकासारखाच धक्का बसतो. पण गोटा फुटला किंवा बाजूला सरकला की खाली पुन्हा मऊ माती लागते. म्हणून मिळालेला थर सॉइल रिपोर्टशी, म्हणजे जमिनीच्या थरांच्या आधी केलेल्या तपासणीच्या अहवालाशी, ताडून पाहणे आणि इंजिनिअरने ठरवलेली खडकातील लांबी प्रत्यक्ष फोडून होईपर्यंत न थांबणे हा आमचा नियम आहे. सॉइल रिपोर्टचा खर्च वाचवू पाहणारे मालक आजही भेटतात. त्यांचे काम आम्ही घेत नाही.

काँक्रीट ओतण्याच्या कामात आमच्या टोळीची खरी परीक्षा असते. गाळात बोअरच्या भिंती ढासळू नयेत म्हणून वरच्या भागात लायनर (पोलादी नळकांडे) घालतो आणि खाली बेंटोनाइट या चिकणमातीचे पाणी भरून ठेवतो. त्याची पातळी भूजलापेक्षा किमान एक मीटर वर राहिली पाहिजे. खाडीलगतच्या भूखंडावर भरतीबरोबर बोअरमधले पाणीही चढते, म्हणून तेथे काँक्रीटची वेळ ठरवण्याआधी भरती-ओहोटीचे कोष्टक पाहतो. तळ धुऊन साफ झाला की कव्हर ब्लॉक (सळया मातीपासून दूर ठेवणारे ठोकळे) बांधलेली सळयांची केज, म्हणजे पिंजरा, सोडतो आणि तिच्या मधोमध काँक्रीट तळापर्यंत नेणारा ट्रेमी पाइप उतरवतो. पाइपवरच्या नरसाळ्याच्या तोंडाशी पोलादी झाकणी ठेवून नरसाळे भरतो आणि झाकणी एका झटक्यात ओढतो. काँक्रीट एकसंध खाली जाते आणि बेंटोनाइटला वर ढकलू लागते. त्यानंतर पाइपचे टोक नेहमी किमान दोन मीटर काँक्रीटमध्ये बुडालेले असावे लागते. घाईने पाइप जास्त वर ओढला तर काँक्रीटच्या मध्येच चिखलाचा थर अडकतो आणि पाइल तेथे तुटल्यासारखीच होते.

या काँक्रीटचा स्लम्प (ओले काँक्रीट किती पसरते-बसते याचे माप) १५० ते १८० मिमी ठेवतो आणि प्रत्येक घनमीटरला किमान ४०० किलो सिमेंट घालतो. खाऱ्या पाण्याच्या जागी स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतील मळी) मिसळलेल्या सिमेंटचा आग्रह धरतो, कारण तेथे सळईला गंज चढायला फार वाट पाहावी लागत नाही. हिशेबही जागेवरच ताडतो. ४५० मिमी व्यासाच्या दहा मीटर पाइलला सुमारे १.६ घनमीटर काँक्रीट, म्हणजे साधारण तेरा गोणी सिमेंट, लागायला हवे. गाळात बोअर थोडा फुगतो, त्यामुळे काँक्रीट काहीसे जास्त लागले तर आश्चर्य वाटत नाही. कमी लागले तर मात्र कोठेतरी माती आत आली, असे समजून पुढची पाइल थांबवतो आणि त्या पाइलची तपासणी करून घेतो. वर प्रथम येणारे काँक्रीट मातकट आणि दुबळे असते, म्हणून कट-ऑफ लेव्हलच्या, म्हणजे पाइलच्या ठरलेल्या माथ्याच्या, वर काही काँक्रीट जास्त ओततो आणि पुढे चिपिंग करून, म्हणजे छिन्नीने फोडून, तो भाग काढतो. या जादा काँक्रीटचा खर्च बिलात वेगळा दाखवलेला असतो.

मोकळ्या भूखंडांवर आता आम्ही बोअर पाडणारे मोठे यंत्र, हायड्रॉलिक रिग, भाड्याने आणतो. गावठाणाच्या गल्ल्यांत ती वळतही नाही आणि मिक्सरचा ट्रकही आत येत नाही. तेथे जुना त्रिपॉड आणि जागेवरचे मिक्सर मशीनच कामाला येते. चिझलच्या हादऱ्यांनी शेजारच्या भिंतीला तडे गेल्याची तक्रार येऊ शकते, म्हणून काम सुरू होण्याआधी शेजाऱ्यांना सोबत घेऊन त्यांच्या भिंतींचे फोटो काढतो. दुपारी जेवणानंतर चिझल बंद ठेवतो, ही सूचना आमच्या आईची.

करारात आता मातीतील मीटरचा आणि खडकातील मीटरचा दर वेगवेगळा लिहिलेला असतो. या दोन दरांमुळे काही चौकशा दुसऱ्या ठेकेदाराकडे जातात, कारण एकच दर ऐकायला स्वस्त वाटतो. तरीही खडकाचा दर आम्ही वेगळाच ठेवला आहे. तो वेगळा असला की ठेकेदाराला खडक फोडायचा कंटाळा करण्याचे कारण उरत नाही आणि मालकालाही पिशवीतल्या कपच्या मोजून पैसे देता येतात.